पाचवीच्या आत, बारशाच्या आधी

"बाळ फार गुणी आहे हो, रडतच नाही. पाजलं की झोपतं, उठवावं तेव्हाच उठतं." बाळ-बाळंतिणीला बघायला आलेल्या बायका हे कौतुकानं म्हणतात आणि बाळाची आई सुखावते. हेच वाक्य बालरोगतज्ज्ञाच्या कानावर पडलं, तर तो लगेच पुढचे प्रश्न विचारू लागतो. दोन-दोन दिवस शी होत नाही का? दूध ओढताना मध्येच थकून झोपतं का? रडलंच तर आवाज घोगरा येतो का? बेंबी फुगलेली दिसते का? तीन आठवडे झाले तरी कावीळ उतरलेली नाही का? उत्तरं 'हो, हो' अशी येत गेली की त्याला संशय येतो तो गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा. आईच्या पोटात असताना ही ग्रंथी तयारच झाली नसेल, चुकीच्या जागी राहिली असेल किंवा जागेवर असूनही पुरेसं संप्रेरक बनवत नसेल, तर बाळाच्या मेंदूची आणि हाडांची वाढ अडते.

हा विकार फसवा आहे. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक बाळांमध्ये यातलं एकही लक्षण धड दिसत नाही. आईचं संप्रेरक वारेतून बाळाला मिळालेलं असतं आणि ती शिदोरी काही दिवस पुरते. जाड जीभ, सुजरा चेहरा, थंड कोरडी कातडी हे सगळं डोळ्यांत भरायला दोन-तीन महिने जातात. तोवर मेंदूचं जे नुकसान होतं ते पुढे कितीही औषध दिलं तरी पुरतं भरून येत नाही. उलट पहिल्या दोन आठवड्यांत लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर ते मूल इतर मुलांच्या बरोबरीनं चालतं, बोलतं, शाळेत जातं. गोळी तीच, जी आपल्यातल्या असंख्य मोठ्या माणसांच्या उशाशी सकाळी असते. औषधांच्या दुकानातल्या सर्वांत स्वस्त गोळ्यांत तिची गणना होते.

म्हणजे आजार गंभीर, औषध स्वस्त, आणि मधे उभा आहे तो फक्त वेळ. नवजात बाळांच्या तपासण्यांची सारी गोष्ट या तीन शब्दांत आहे: वेळेत कळायला हवं.

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, बेलापूरचा जुना किल्ला आणि महापालिकेचं घुमटवालं मुख्यालय यांच्या शेजारी, पनवेलच्या खाडीला लागून दिवाळे गाव आहे. सीबीडी या बेलापूरच्या व्यापारी भागातल्या काचेच्या इमारती एका बाजूला आणि होड्या, जाळी, मासळीबाजार दुसऱ्या बाजूला. अशा गावात थायरॉईडचा विषय काढला की किनाऱ्यावर सर्रास ऐकू येणारा एक युक्तिवाद पुढे येतो. आम्ही रोज समुद्राचं खाणारी माणसं, आम्हाला कसला थायरॉईड? त्यात अर्धं सत्य आहे. मासळीत आयोडीन असतं आणि आयोडीन मिळत असेल तर त्याच्या कमतरतेनं होणारा गलगंड टळतो. पण ज्या बाळाची ग्रंथीच तयार झालेली नाही, त्याला आयोडीन कितीही मिळालं तरी उपयोग काय? पापलेट खाणाऱ्या घरातही असं बाळ जन्माला येतं आणि शाकाहारी घरातही.

गंमत म्हणजे आयोडीन जास्त झालं तरी नवजात बाळाची ग्रंथी बिथरते. बाळाच्या नाळेवर किंवा आईच्या टाक्यांवर आयोडीनयुक्त तपकिरी औषध सढळ हातानं लावत राहिलं, तर ते कातडीतून शोषलं जाऊन बाळाच्या चाचणीचे आकडे काही काळ बिघडू शकतात. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवणं, एवढंच पुरेसं असतं.

चाचणी तशी साधी. बाळाच्या टाचेच्या कडेला बारीक टोचतात. टाचेच्या मधोमध टोचत नाहीत, कारण तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकतात आणि पुढचे थेंब जाड टिपकागदावरच्या वर्तुळांत भरतात. कागद तीन-चार तास सावलीत, आडवा ठेवून वाळवतात आणि मग प्रयोगशाळेकडे पाठवतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, हे वाळवणं नीट झालं नाही तर काही विकरांच्या (एन्झाइमच्या) चाचण्या चुकतात. म्हणून प्रयोगशाळा असे नमुने परत पाठवतात आणि बाळाला पुन्हा टोचावं लागतं. टोचताना आईनं बाळाला छातीशी धरून पाजलं तर त्याला दुखणं कमी जाणवतं, हे अभ्यासांतून दिसलं आहे. ज्या आजीला नातवाच्या टाचेतलं रक्त पाहवत नाही, तिला हे सांगायला हवं.

मग अडतं कुठे? अडतं दिवसांच्या हिशोबात. जन्मल्याबरोबर गर्भाशयाबाहेरच्या थंडीनं आणि धक्क्यानं बाळाच्या शरीरात थायरॉईडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक एकदम उसळी घेतं. पहिल्या चोवीस तासांत टाचेतून रक्त घेतलं तर धडधाकट बाळाचा अहवालही वाईट येऊ शकतो. ही उसळी ओसरायला दीड-दोन दिवस जातात. म्हणून नमुना ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यायचा, अशी डॉक्टरांची शिफारस असते. ते जमणारच नसेल तर जन्मतःच नाळेतलं रक्त घ्यायचं.

आपल्याकडे बाळाच्या पहिल्या दिवसांचं एक जुनं वेळापत्रक आहेच. पाचव्या, काही घरांत सहाव्या, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, घरातल्या बायका जागतात. बाराव्या दिवशी बारसं. वैद्यकाचं वेळापत्रक याच्याशी चपखल जुळतं: रक्ताचा नमुना पाचवीच्या आत आणि अहवाल बारशाच्या आधी. मग दोष निघालाच, तर दोन आठवडे भरायच्या आत औषध सुरू होतं. कुठल्याही घरातल्या आजीला हे एका वाक्यात सांगता येईल आणि ती ते विसरणार नाही.

मुंबईला हा विषय नवा नाही. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात बालकांच्या संप्रेरकविकारांवर काम उभं करणाऱ्या डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकातच नवजात बाळांची थायरॉईड चाचणी सुरू केली होती. १९८७ मध्ये त्यांनी विकसनशील देशात अशी चाचणी राबवताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे टिपकागदावरच्या थेंबांतून सुमारे २५ हजार बाळांची तपासणी करून त्यांनी अडीच-पावणेतीन हजारांत एक असं प्रमाण नोंदवलं. परळमध्ये हे चाललं होतं तेव्हा खाडीपलीकडची नवी मुंबई अजून आकार घेत होती. तिथली महानगरपालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली.

त्यानंतरचा मोठा आकडा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासातून आला. मुंबईसह पाच शहरांतल्या केंद्रांनी मिळून एक लाखाहून अधिक नवजात बाळांची चाचणी केली. निष्कर्ष होता, सुमारे ११३० बाळांमागे एकाला जन्मजात थायरॉईडची कमतरता. महाराष्ट्रात वर्षाकाठी अठरा-वीस लाख बाळं जन्मतात असं धरलं, तर दरवर्षी दीड हजारांहून अधिक बाळांना ही गोळी लागणार. सरासरीचा हा हिशोब गावाला तंतोतंत लागू होत नाही. एखाद्या लहान गावात दहा वर्षं असं एकही बाळ जन्मत नाही आणि मग एकाच वर्षी दोन जन्मतात. म्हणूनच 'आमच्या गावात असं कधी झालं नाही' हे म्हणणं खरं असूनही निरुपयोगी ठरतं.

त्याच अभ्यासात दुसऱ्या एका विकाराचा आकडा होता: ५७६२ बाळांमागे एक. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा हा जन्मजात दोष. त्यात शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं. मुलीत हा दोष असेल तर जननेंद्रियाची ठेवण वेगळी दिसते आणि किमान डॉक्टरच्या लक्षात येतं. मुलगा मात्र वरून अगदी व्यवस्थित दिसतो. दुसऱ्या आठवड्यात तो ओकू लागतो, सुकत जातो, घरचे आणि कधीकधी डॉक्टरही त्याला पोट बिघडल्याचं समजतात, आणि योग्य औषध न मिळाल्यानं तो दगावतो. अशा किती मुलांच्या मृत्यूची नोंद 'जुलाब-उलट्या' अशी झाली असेल, याचा हिशोब कुणाकडेच नाही.

टिपकागदाची युक्ती आली कुठून, तीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९३४ मध्ये नॉर्वेतल्या एका आईनं आपली दोन मतिमंद मुलं डॉ. अस्ब्यर्न फ्योलिंग यांच्याकडे नेली. मुलांच्या लघवीला एक विचित्र कुबट वास येतो, असं ती आधीच्या डॉक्टरांना सांगत आली होती आणि कुणी मनावर घेत नव्हतं. फ्योलिंग यांनी घेतलं. लघवीत फेरिक क्लोराईड टाकल्यावर ती हिरवी झाली, आणि त्यातून फेनिलकीटोनुरिया हा विकार उजेडात आला. प्रथिनांतला एक घटक पचवता न आल्यानं तो रक्तात साचून मेंदू बिघडवतो. १९५०च्या दशकात विशेष आहारानं तो आवरता येतो हे कळलं, पण आहार सुरू करायचा तर निदान फार लवकर व्हायला हवं होतं. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट गथ्री यांचा स्वतःचा मुलगा दुसऱ्या एका कारणानं मतिमंद होता. त्यांच्या भाचीला फेनिलकीटोनुरिया असल्याचं ती सव्वा वर्षाची झाल्यावर कळलं, तेव्हा उशीर झाला होता. गथ्री यांनी जिवाणू वाढवलेल्या तबकडीवर रक्ताचा वाळलेला ठिपका ठेवून पाहण्याची स्वस्त पद्धत बसवली. ज्या ठिपक्याभोवती जिवाणू माजतात ते बाळ आजारी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती रुग्णालयांत आली. पुढच्या दशकात कॅनडातल्या क्विबेकमध्ये डॉ. ज्याँ दुसो यांनी त्याच कागदावरून थायरॉईडची चाचणी करून दाखवली. फेनिलकीटोनुरिया भारतात दुर्मीळ आहे, त्यामुळे गथ्री यांच्या मूळ चाचणीपेक्षा त्यांचा कागदच आपल्या जास्त कामाचा ठरला.

भारतात मात्र प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याची देशव्यापी सक्ती आजही नाही. गोव्यानं २००८ मध्ये राज्यपातळीवर अशी तपासणी सुरू केली. केरळ, चंदीगड यांनी आपापल्या सरकारी रुग्णालयांत काही निवडक विकारांसाठी ती राबवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं आनुवंशिक विकारांसाठी 'उम्मीद' उपक्रम आणला, त्यात निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये आपले वाशिम आणि नंदुरबार होते.

महाराष्ट्राशी याहून जवळचं नातं आहे ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी या देशव्यापी कार्यक्रमाची सुरुवात पालघरमधून झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांतले तीस विकार त्यात धरले आहेत. बाळंतपणाच्या ठिकाणीच दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, मणक्यावरची गाठ, मोतीबिंदू, हृदयदोष, खुब्याचा सांधा निखळलेला असणं अशा गोष्टी पाहायच्या. पुढे अंगणवाडीत आणि शाळेत पथकं येऊन तपासतात, आणि शस्त्रक्रिया लागली तर ती मोफत होते. हजारो मुलांच्या हृदयाच्या, ओठाच्या शस्त्रक्रिया या वाटेनं झाल्या आहेत. पण मूळ यादी बारकाईनं वाचली तर जन्मजात थायरॉईडची कमतरता सापडते ती अगदी शेवटी, सिकलसेल आणि थॅलसेमियाच्या सोबत, 'ऐच्छिक' म्हणून. डोळ्यांना दिसणारं व्यंग पहिल्या पानावर आणि न दिसणारं शेवटच्या ओळीत. कार्यक्रमाची ही एक बाजू खरोखर खटकते.

न दिसणाऱ्या दोषांत दुसरा नंबर कानाचा. हजारात एक ते तीन बाळं ऐकण्याच्या मोठ्या दोषासह जन्मतात, आणि ज्यांना जन्मल्यावर अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं त्यांच्यात हे प्रमाण बरंच जास्त असतं. घरोघरी यावर एक खात्रीची चाचणी आहे: बाळाच्या मागे थाळी वाजवायची, दार आपटायचं. बाळ दचकलं की 'ऐकू येतंय' म्हणून सगळे निर्धास्त. पण थाळीच्या दणक्यानं हवा आणि जमीनही हलते, बाळ त्यानंही दचकतं. आणि मोठा आवाज ऐकू येणाऱ्या बाळाला बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येतीलच असं नाही. मग मूल दोन-अडीच वर्षांचं होऊनही बोलत नाही, तेव्हा 'याचे वडीलही उशिरा बोलले' असं म्हणून आणखी एक वर्ष जातं.

ओएई नावाची चाचणी बाळ झोपेत असताना होते. कानात मऊ बोंड बसवून बारीक आवाज सोडतात. आतला कान शाबूत असेल तर तो स्वतः अतिशय क्षीण प्रतिध्वनी उमटवतो, तो यंत्र टिपतं. काही मिनिटांचं काम, टोचणं नाही. पहिल्या दिवशी कानात पाणी, चिकटा असल्यानं कित्येक बाळं यात नापास होतात आणि आई-बाप हादरतात. पुन्हा चाचणी केली की त्यातली बहुतेक पास होतात. अतिदक्षता विभागातल्या बाळांची मात्र ओएईवर बोळवण करायची नाही. त्यांची बेरा ही मेंदूपर्यंतच्या वाटेची चाचणी व्हायला हवी, कारण कान नीट असून नसेत दोष असू शकतो. जगभर यासाठी एक-तीन-सहा असं गणित वापरतात: एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र किंवा उपचार. वांद्र्यातली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात आहे. बेलापूरहून लोकलनं आणि मग रिक्षानं जाण्याच्या टप्प्यात राष्ट्रीय पातळीची संस्था असणं, हे राज्यातल्या फार थोड्या पालकांच्या नशिबी आहे.

हृदयाच्या बाबतीत तर नवी मुंबईकर आणखी सुदैवी. चोवीस तासांनंतर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. करोनाच्या काळात हे यंत्र घराघरांत पोचलं, फक्त बाळासाठी त्याची पट्टी वेगळी असते. रक्तातला प्राणवायू ९५ टक्के किंवा जास्त आणि हात-पायांतला फरक तीन टक्क्यांपर्यंत असेल तर बाळ पास. हात का, पाय का? गर्भात असताना उघडी असलेली एक रक्तवाहिनी जन्मानंतर काही दिवसांत बंद होते. काही गंभीर हृदयदोषांत ती उघडी असेपर्यंतच बाळ गुलाबी दिसतं. घरी नेल्यावर ती बंद होते आणि बाळ निळं पडतं. हात आणि पाय यांतला फरक त्याची आगाऊ सूचना देतो. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपला हे दोष दर वेळी सापडत नाहीत. दोष सापडला तर बेलापूरच्या शेजारच्या खारघरमध्ये श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात. देशभरातून लोक मुलांना घेऊन तिथे येतात.

जी-६-पीडी हे आणखी एक नाव, पालकांनी ऐकून ठेवावं असं. तांबड्या पेशींचं रक्षण करणारं हे विकर कमी असेल तर काही पदार्थांच्या संपर्कात आल्यावर पेशी भराभर फुटतात आणि बाळाला जोराची कावीळ होते. हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो आणि त्यांना तो आईकडून येतो. त्या पदार्थांत मलेरियावरचं प्रायमाक्विन आहे आणि डांबरगोळ्याही आहेत. आपल्याकडे बाळाला नवं कोरं कापड आधी घालत नाहीत. पेटीत जपून ठेवलेलं जुनं मऊ लुगडं, थोरल्याची दुपटी, झबली बाहेर निघतात, आणि त्यांच्यासोबत डांबरगोळ्यांचा वासही. प्रथा उत्तम आहे, कापड खरंच मऊ असतं. फक्त ते बाळंतपणाच्या बरेच दिवस आधी काढून, धुऊन, कडक उन्हात वाळवायला हवं. दोष माहीत असला तर पुढे आयुष्यभर कुठली औषधं टाळायची, याची यादी मुलाच्या फायलीत लावून ठेवता येते. नवी मुंबईसारख्या मलेरियाच्या पट्ट्यात ती यादी कामाची आहे.

सिकलसेलचा प्रश्न विदर्भात आणि आदिवासी भागांत मोठा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं लक्ष्य आहे. नवजात बाळाचं सिकलसेल जन्मतः ओळखण्याचा फायदा १९८६ मध्येच सिद्ध झाला होता. अमेरिकेतल्या एका चाचणीत लहान मुलांना रोज तोंडानं पेनिसिलीन दिल्यावर न्यूमोकॉकस जंतूचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. तिथेही महागडं औषध लागलं नाही, लागलं ते फक्त लवकर कळणं.

आणि जे बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं, ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं, त्याचा डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. घरी आल्यावर वजन वाढवण्याच्या नादात ही तारीख हुकते आणि पडद्याचा आजार पुढे सरकतो. अशा बाळांची थायरॉईड चाचणीही काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, पहिली बरोबर आली असली तरी.

आता पैशांचा भाग. खासगी प्रसूतिगृहांत पन्नास-पन्नास विकारांच्या 'पॅकेज'ची पत्रकं हातात ठेवतात. एका ठिपक्यातून टँडम मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र एकाच वेळी कितीतरी चयापचय-दोष शोधू शकतं, हे खरं आहे आणि ज्या घरात आधीचं बाळ कारण न कळता दगावलं आहे किंवा आई-बाप नात्यातले, मामे-आते भावंडं आहेत, तिथे ते करून घ्यावं. पण काही हजार रुपयांचं पॅकेज नको म्हणून थायरॉईड चाचणीही नको म्हणणारं कुटुंब आपलं मोठं नुकसान करून घेतं. एकेका दुर्मीळ विकारापेक्षा थायरॉईड, कान आणि हृदय या तीन चाचण्या प्रत्येक बाळाला मिळणं कितीतरी महत्त्वाचं. राज्यानं सुरुवात करायची तर इथून करावी. त्याला लागणारी माणसं आहेत, रुग्णालयं आहेत. नवी मुंबई महापालिकेकडे बेलापूर, नेरुळ, वाशी, ऐरोलीपर्यंत प्रसूतीची सोय आहे. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी ठिकाणी बाळंतीण तीन दिवस मोफत राहू शकते, जेवणासकट. तीन दिवस, म्हणजे नमुन्याला लागणारे ४८ तास त्यात बसतात. अडचण अशी की घरी थोरलं मूल असतं, काम असतं, आणि बाई दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागते.

खरा कच्चा दुवा याच्याही पुढे आहे. समजा दिवाळ्याची एक मुलगी उरणला दिली आहे. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. रुग्णालयाच्या कागदावर पत्ता उरणचा, फोन नवऱ्याचा. नवरा होडीवर गेला की फोन लागत नाही. सातव्या दिवशी प्रयोगशाळेचा फोन येतो, वाजतो, बंद होतो. तोवर आई दिवाळ्यात, सव्वा महिन्याच्या विश्रांतीवर. चाचणी झाली, दोष सापडला, आणि तरी बाळाला गोळी मिळाली नाही. जगात जिथे जिथे हे कार्यक्रम यशस्वी झाले, तिथे प्रयोगशाळेइतकाच जोर बाळ शोधून काढणाऱ्या माणसांवर दिला गेला.

ती माणसं आपल्याकडे आहेत, आणि ती कल्पनाही आपल्याच मातीतली आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची देखभाल केली आणि ३९ गावांत नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. वजन, ताप, नाळ, दूध यांची चौकशी करतात. त्यांच्या तक्त्यात सातव्या आणि चौदाव्या दिवसासमोर एक प्रश्न वाढवायचा आहे: टाचेच्या रक्ताचा रिपोर्ट आला का? आशाताई ज्या घरी बाळ आहे तिथेच जाते, कागदावरच्या पत्त्यावर नाही.

घरच्यांनी करायचं ते याहून सोपं आहे. रुग्णालयातून निघताना विचारायचं, टाचेतलं रक्त घेतलं का, कधी घेतलं, कान आणि प्राणवायू तपासला का. डिस्चार्ज कार्डावर दोन नंबर लिहून घ्यायचे, एक सासरचा आणि एक माहेरचा. त्यातला एक अशा बाईचा, जी दिवसभर घरात असते. आणि फोन आलाच, तर घाबरून बारशानंतर बघू असं करायचं नाही. पहिला नमुना म्हणजे निदान नव्हे. नीट शिरेतून रक्त घेऊन पुन्हा चाचणी होते, आणि आकडे फारच वाईट असतील तर डॉक्टर त्या दुसऱ्या अहवालाचीही वाट न पाहता त्याच दिवशी गोळी सुरू करतात. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची, पूर्ण बाटलीत मिसळायची नाही, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर द्यायची नाही. मूल तीन वर्षांचं झालं की डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून बघतात. काही मुलांना ती पुढे लागत नाही. बाकीच्यांना आयुष्यभर लागते, आणि ती घेत घेत ती शाळेत, कामावर, होडीवर जातात.